दारावरचा लिंबाचा डहाळा

पाडव्याच्या सकाळी मी बाल्कनीत जात नाही. पिंपळे गुरवला पुतणीकडे राहायला आल्यापासून हे असंच आहे. समोरच्या इमारतीत मजल्यामजल्यावर गुढ्या असतात आणि प्रत्येक गुढीला कडुलिंबाचा डहाळा. पुतणीला वाटतं, म्हातारीला उन्हाचा त्रास होतो. ती खोलीचा पडदा ओढून देते आणि प्रसादाची वाटी आत आणते. वाटीतला लिंब मी निमूट खाते. खायचा लिंब मला चालतो, दाराशी टांगलेला चालत नाही.

कारण तिला कधी सांगितलं नाही. त्यात मी काही शोभून दिसत नाही, हे एक, आणि सांगायला बसले तर मध्येच थांबेन अशी भीती वाटते, हे दुसरं. लिहिताना निदान थांबून पुन्हा सुरू करता येतं. शिवाय ज्यांना मी जाब द्यायला हवा होता त्यांतलं आता बहुधा कुणी उरलेलं नाही. हाही भित्रेपणाच आहे, पण या वयात तो लपवून काय करायचं?

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. मी तिशीची, बिनलग्नाची, पुण्यात शिकलेली आणि स्वतःच्या हुशारीवर भलतीच खूश असलेली बाई होते. एका धर्मादाय संस्थेनं खेड्यापाड्यांतल्या आरोग्याच्या कामाला हातभार लावायचं ठरवलं होतं आणि सल्लागार म्हणून माझी नेमणूक झाली होती. सल्लागार म्हणजे काय हे माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही.

"म्हणजे तू टोचतेस?"

"नाही."

"औषध देतेस?"

"नाही. जे देतात त्यांनी कसं द्यावं ते सांगते."

"बरं आहे," आई म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. तिचं ते 'बरं आहे' तेव्हा मला चांगलंच झोंबलं होतं.

माझ्याकडे पिंपरीच्या नव्या कारखान्यांभोवतालच्या कामगारांच्या चाळी आणि चाकणच्या बाजूची काही गावं होती. आज तिकडे गेलं की कंपन्यांच्या भिंती संपत नाहीत. तेव्हा शिवाजीनगरहून एसटीनं चाकणला उतरायचं आणि पुढे कांद्याच्या शेतांमधून चालायचं. ज्या गावाची ही गोष्ट आहे ते इंद्रायणीच्या अलीकडे, निघोज्याच्या वाटेवर कुठेतरी होतं एवढंच सांगते. नाव लिहीत नाही. गावातले काही तरुण पिंपरीला कारखान्यात लागले होते. ते आठवडाभर तिकडेच खोली करून राहायचे आणि रविवारी सायकलवरून गावी यायचे.

या ये-जा करणाऱ्यांबरोबर रोगही ये-जा करतो, असं आमच्या कागदांत लिहिलेलं होतं. रोग म्हणजे देवी. आता तो जगातूनच गेला, त्यामुळे नव्या माणसांना समजावून सांगावं लागतं. आधी ताप यायचा, मग अंगभर फोड. जो वाचायचा त्याच्या तोंडावर कायमचे वण राहायचे, कुणाकुणाचे डोळे जायचे. अंगावरचं मूल सहसा वाचायचं नाही. औषध नव्हतं, फक्त आधी टोचून घेणं होतं.

टोचायचं काम चाचा करायचे. चाचा चाकणचे राहणारे, साठीला टेकलेले मुसलमान गृहस्थ. सायकलच्या हँडलला लशीची पेटी, डोक्याला पांढरा रुमाल. तीसेक वर्षं ते त्याच गावांतून फिरत होते. निम्म्या गावाच्या दंडावरचा वण त्यांच्या हातचा होता. ते कसं काम करतात हे पाहायला संस्थेनं मला त्यांच्याबरोबर पाठवलं आणि मी वही घेऊन त्यांच्या मागे मागे हिंडू लागले.

एक दिवस एका आळीत शिरताना त्यांनी सायकल एकदम वळवली. मी विचारलं, काय झालं? त्यांनी मानेनंच एक दार दाखवलं. चौकटीला लिंबाचा ताजा डहाळा लटकवलेला होता.

"घरात आई आलीय," ते हलक्या आवाजात म्हणाले. आई म्हणजे देवी.

मग पुढे एका पारावर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं. देवी येते ती पाहुणी म्हणून, असं लोक मानतात. ती असेपर्यंत घरात फोडणी नाही, पायात पायताण नाही, परकं माणूस आत नाही. त्या घरातून कुणाला ताक द्यायचं नाही, विस्तव द्यायचा नाही. दारावरचा डहाळा पाहिला की येणारी बाई वाटेतूनच मागं फिरते.

"मी काय करतो, बाई," चाचा म्हणाले, "त्या घराकडं बघतसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी दुसरं निमित्त काढून त्या आळीत येतो आणि आजूबाजूची घरं टोचून काढतो. तीन-चार दिवसांत टोचलं तर वारं लागलेलं पोरसुद्धा वाचतं. का आलो ते कुणाला सांगत नाही. तेही विचारत नाहीत."

"आणि त्या घराचं?"

"ते घर दार लावून बसलंय. आपल्याला आणखी काय पायजे?"

मी त्यांच्याकडे कौतुकानं पाहिलं, आणि कौतुकाबरोबरच माझ्या डोक्यात भलतंच चक्र फिरू लागलं. इतकी सोपी खूण, रोग्याचा पत्ता दारावर टांगलेला, आणि हे म्हातारबाबा ती एकट्याच्या मनात ठेवून बसलेत! महिन्याच्या अहवालात मी पाचवी शिफारस लिहिली. दारावर लिंबाचा डहाळा दिसल्यास ते घर रोगग्रस्त समजावं, तलाठी आणि पोलीस पाटलामार्फत त्याची नोंद व्हावी, आणि पथकानं त्याच दिवशी घरात शिरून सर्वांना टोचावं. भाषा मोठी नेटकी झाली होती. वरिष्ठांनी समासात 'उत्तम' असा शेरा मारला. तो शेरा मी घरी आणून आईला दाखवला. चाचांना मात्र विचारलं नाही. विचारायचं असतं हे सुचलंसुद्धा नाही.

त्या गावात दुपारी टेकायला माझं एक ठरलेलं घर होतं. गावाच्या कडेचं, दोन खणांचं. घरधनीण विशीची असेल. मला 'ताई' म्हणायची आणि गुळाचा कोरा चहा करून द्यायची. तिला आठ महिन्यांची मुलगी होती. तिचं जावळ इतकं वाढलं होतं की कपाळावरून डोळ्यांत यायचं. मी बसले की ती रांगत यायची, माझ्या गुडघ्यांना धरून उभी राहायची आणि चष्मा ओढून घ्यायची. चष्मा हातात आला की तो तोंडात घालून माझ्याकडे रोखून बघायची. चष्मा नसताना मला ती धुरकट दिसायची आणि आम्ही दोघी हसायचो, म्हणजे तिची आई आणि मी. लहान मुलांचं मला फारसं प्रेम नव्हतं. त्या मुलीचं होतं.

तिला टोचलेलं नव्हतं. मी दोनदा विषय काढला.

"जावळ हुंद्या ताई, मग टोचा," तिची आई म्हणायची. "आमच्यात जावळाच्या आदी सुई लावत न्हाईत. आन् जावळाला मामा लागतो मांडी द्यायला. तो पिंपरीला कारखान्यात. त्याला रजा मिळंना."

"कधी मिळेल?"

"पाडव्याच्या पुढं, म्हनतोय."

"मग तेव्हा मी स्वतः येईन. तुझ्या पोरीला मांडीवर धरून टोचून घेईन."

"या की," ती म्हणाली.

मी थोडा हट्ट धरला असता तर तिनं ऐकलं असतं. माझा तिच्यावर तेवढा वट होता. पण गावच्या चालीरीतींचा मान ठेवावा, असं मी स्वतःच दुसऱ्या शिफारशीत लिहिलं होतं. पाचवीत नेमकं त्याच्या उलट लिहिलं होतं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

संक्रांतीनंतर पथक आलं. जीप, तलाठी, पोलीस पाटील, दोन नवे टोचणारे आणि मी. मधल्या आळीत एका दाराला डहाळा होता. उंबऱ्यात एक म्हातारी हात आडवे करून उभी राहिली.

"आई आत हाय. पायताण तरी काढा, बाबांनो."

कुणी काढलं नाही. मीही चपलांसकट आत गेले. घाईच होती. आत घोंगडीवर एक बारा-तेरा वर्षांची पोर पडलेली होती, उशाशी लिंबाचा पाला. घरातल्या सगळ्यांना धरून टोचलं. थोरला मुलगा पिंपरीला कामाला जातो हे कळलं, तेव्हा त्याचं नाव कारखान्याला कळवलं आणि पुढे तीन आठवडे त्याला फाटकातून आत घेतलं नाही. तेही माझ्याच शिफारशीत होतं. निघताना मी मागं वळून पाहिलं. म्हातारीनं चौकटीचा डहाळा ओढून काढला आणि उकिरड्यावर फेकून दिला.

मला वाटलं, चला, एका घरातून तरी खुळी समजूत गेली.

त्यानंतर चार-पाच आठवडे मी त्या गावात आळी आळी फिरून दारं पाहिली. एकाही दाराला डहाळा दिसला नाही. वहीत मी ठळक अक्षरांत लिहिलं, 'गाव रोगमुक्त होण्याच्या मार्गावर.' चाचा पारावर सायकल टेकवून बसले होते. ते म्हणाले, "बाई, मला गावात आता काही दिसतच नाही. कुठं जाऊन टोचायचं तेच कळत नाही."

"मग सुटी घ्या की चाचा," मी म्हणाले.

त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला आणि पुन्हा बांधला. त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला लागला नाही, असं म्हणून मी सुटू शकते. पण खरं सांगायचं तर मी लावून घेतला नाही. 'उत्तम' शेऱ्याची धुंदी होती.

त्याच दुपारी त्या घरी चहा पिताना मी मुलीच्या आईला सांगितलं, "आता निर्धास्त राहा. गावात कुठेही देवी नाही. मी स्वतः दारं पाहिलीत." मुलीच्या हातात माझा चष्मा होता. मी तो हळूच सोडवून घेतला आणि परतीची एसटी गाठली.

फाल्गुन लागल्यावर एक दिवस चाकणला उतरले तर चाचा स्टँडवर उभे होते. माझीच वाट बघत होते. त्यांनी जावळवाल्या मुलीचं नाव घेतलं आणि म्हणाले, "फोड येऊन पाच दिवस झाले."

पेटी त्यांच्या हँडलला होती, पण आता तिचा काही उपयोग नव्हता. तरी आम्ही गावाकडे चालू लागलो. गावाच्या शिवेवर ते थांबले.

"मी इथंच थांबतो. मला गावात घेत नाहीत आता. लिंबाचं मीच सांगितलं असं ठरलंय."

मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी हात वर केला.

"मी तुम्हाला कामाचं सांगितलं होतं, बाई. कागदासाठी नाही."

त्या दाराला लिंब नव्हता. आत अंधार होता. मुलीनं खाजवू नये म्हणून तिच्या हातांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या. जावळ कपाळाला चिकटलं होतं. तोंडाचं मी लिहीत नाही. मी या वेळी चपला बाहेर काढल्या होत्या, हे मला उगीचच आठवतं. मी खाली बसले, चष्मा काढला आणि तिच्या हाताशी धरला. कितीतरी वेळ धरून बसले. तिनं तो घेतला नाही.

दोन दिवसांनी ती गेली.

पुण्याला परतल्यावर मी संस्थेला पत्र लिहिलं की पाचवी शिफारस चुकीची आहे, ती मागं घ्यावी. लोक डहाळा लावायचे थांबलेत, त्यामुळे कुठल्या घरात रोग आहे हे शेजाऱ्यालाही कळत नाही. जी खूण गाव स्वतःहून पाळत होतं ती आपण मोडली. उत्तर आलं. सदर शिफारस उपयुक्त वाटल्यानं इतर तालुक्यांकडे पाठवण्यात आली आहे, असं त्यात होतं. खाली आभार मानले होते. ते पत्र माझ्या ट्रंकेत कितीतरी वर्षं होतं. इतर तालुक्यांत किती दारं होती आणि त्यांच्यामागे काय काय घडलं, हे मला कधी कळलं नाही. पण रात्री अंग टाकलं की ती दारं यायची, सगळी उघडी, सगळ्यांच्या चौकटी रिकाम्या. अजून येतात. कुणाच्याही घरी गेले की माझी नजर आधी चौकटीकडे जाते. लोकांना वाटतं, बाई तोरण बघतायत.

पाडव्याला कचेरीला सुटी होती. मी घरी आईला काही न सांगता एसटी पकडली. गावात शिरले तर घराघरापुढे गुढी, काठीच्या टोकाला खण आणि लिंबाचा डहाळा. आळीच्या आळी हिरव्यागार. जी खूण महिनाभर शोधत फिरले होते ती त्या दिवशी प्रत्येक दाराशी होती. तिच्या दाराशी गुढी नव्हती. मुलीला जाऊन महिनाही झाला नव्हता.

ती ओट्यावर गहू निवडत बसली होती. मला पाहून सरकली. मी शेजारी बसले. मग ती आपणहूनच सांगू लागली, सुपातल्या गव्हाकडे बघत.

"त्या दिशी सकाळी चूल इझली व्हती. इस्तवाला पलीकडं गेले, पोर काखंला. दाराकडं बगितलं, लिंब न्हवता. लिंब असता तर उंबऱ्याला शिवले नसते. तुमीबी म्हनला व्हता गावात न्हाई म्हनून. गेले आत. तिनं गवरीवर इस्तव दिला. पदर नाकातोंडावर वढला व्हता तिनं. मला वाटलं थंडीनं."

शेजारणीचा मुलगा आत कणगीमागे निजवलेला होता. तोंडावर पांघरूण घेऊन.

"मागनं इचारलं तिला," ती म्हणाली. "म्हनली, इस्तव न्हाई म्हनले असते तर तुला कळलं असतं. मग गावभर झालं असतं आन् जीप आली असती. तिचा मालकबी पिंपरीलाच हाय कामाला. तिला तरी काय बोलू, ताई? तिचं पोर जगलं. दिसत न्हाई त्याला आता."

मी तिच्या हातातलं सूप घेतलं आणि खडे वेचू लागले. मला सांगायचं होतं. खरंच त्यासाठीच आले होते. एसटीत वाक्यंसुद्धा जुळवली होती.

"ताई, तुमास्नी एक इचारू?"

"विचार की."

"लिंबाचं सायबास्नी कुनी सांगितलं? समदी म्हनत्यात चाचानं. मला न्हाई पटत. चाचा किती वर्सं येत्यात. लिंब तवाबी व्हता, तवा कदी जीप आली न्हाई. तुमी त्या लोकांत बसता. तुमास्नी ठावं असंल."

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल तिळमात्र संशय नव्हता. असता तर मी कदाचित बोलले असते.

"न्हाई," मी म्हणाले.

आयुष्यभर पुण्याचं शुद्ध बोलत आलेली मी, त्या गावच्या बोलीतला तो पहिलाच शब्द बोलले. तो तोंडात आपसूक आला, जणू तिच्यातलीच एक होऊन मला तिथं लपायचं होतं.

"व्हय," ती म्हणाली. "ठावं असतं तर तुमी सांगितलंच असतं की मला."

मग ती उठून आत गेली आणि वाटीत गूळ अन् पाण्याचा तांब्या घेऊन आली. उन्हातनं आलाय, म्हणाली. मी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि तिनं दिलेलं पाणी प्यायले.